नाण्यावर कैसराचं चित्र, आणि माणसावर?



आजचा शास्त्रभाग: मार्क 12:13-17
सोबत वाचायला: उत्पत्ती 1:26-27, प्रेषितांची कृत्ये 16:35-40, मत्तय 25:31-46

आजचं मनन रोजच्यापेक्षा लांब झालंय. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होणार नाही, पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली असेल तर होईल. शक्यतो आधी वचन वाचा, मग माझं.

गेल्या आठवड्यात आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने बातमी टाकली. कुठेतरी घरातली प्रार्थनासभा थांबवून लोकांना पोलीस स्टेशनला नेलं होतं. त्याखाली लगेच उत्तर आलं, ‘‘ग्रुपवर पॉलिटिक्स नको. कैसराचं कैसराला.’’ आणखी एकाने हात जोडलेले टाकले. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. मी त्या उत्तराला अंगठा दाखवला आणि झोपलो.

सकाळी वाचनक्रम उघडला तर समोर मार्क 12. देवाला विनोदबुद्धी आहे, असं मला कधीकधी वाटतं.

हा उतारा आपण एवढ्या वेळा ऐकलाय की त्यातली माणसं आपल्याला दिसेनाशी झालीत. प्रश्न विचारायला कोण आलंय बघा. परूशी आणि हेरोदी. हे दोन्ही गट एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसते. परूशी लोकांना रोमची सत्ता म्हणजे अपमान वाटायचा, आणि हेरोदी तर हेरोद घराण्याच्या बाजूचे, म्हणजे रोमच्या कृपेवर जगणारे. आपल्याकडे निवडणुकीनंतर कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसतं ते पाहिलेल्यांना यात नवल वाटायला नको. दोघांना एकच माणूस अडचणीचा झाला, म्हणून एकत्र आले.

प्रश्न कराचा होता, आणि तो कर साधा नव्हता. इ.स. 6 मध्ये यहूदिया थेट रोमच्या ताब्यात गेला, शिरगणती झाली आणि डोईपट्टी बसली. त्या वेळी गालीलकर यहूदाने बंड केलं होतं. प्रेषितांची कृत्ये 5:37 मध्ये त्याचा उल्लेख आहे. येशू लहान असतानाची ही गोष्ट, आणि माणूस गालीलातलाच. म्हणजे ‘कर द्यावा का?’ या प्रश्नाला रक्ताचा वास होता. ‘द्या’ म्हटलं की लोक तुटणार, ‘देऊ नका’ म्हटलं की राजद्रोहाचा गुन्हा.

प्रभू नाणं मागतो. त्याच्याकडे ते नाही, पण विचारणाऱ्यांकडे लगेच निघतं. आणि हे मंदिराच्या आवारात चाललंय. त्या चांदीच्या दिनारावर तिबेर्य कैसराचं डोकं कोरलेलं असायचं आणि भोवती लिहिलेलं असायचं की हा दैवी ऑगस्टसचा पुत्र. देवाच्या घरात उभं राहून, दुसऱ्याच देवपुत्राचं नाव असलेलं नाणं कमरेला बाळगून, हे लोक धर्माचा प्रश्न विचारत होते!

मग तो विचारतो की हे चित्र कोणाचं. ते म्हणतात, कैसराचं. आणि मग ते प्रसिद्ध उत्तर येतं, ज्याचा पहिला अर्धा भाग आपण ग्रुपवर चिकटवतो.

आता थोडा आमच्या क्षेत्रातला शब्द. ‘चित्र’ याला मार्काच्या मूळ ग्रीकमध्ये ‘इकोन’ म्हटलंय. मोबाइलवर ज्याला आपण आयकॉन म्हणतो तो शब्द याच्यातूनच आला. जुन्या कराराचं जे ग्रीक भाषांतर प्रभूच्या काळी वाचलं जायचं, त्यात उत्पत्ती 1:27 मध्ये, जिथे देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचं करतो, तिथेही हाच शब्द आहे. कार्थेजच्या तर्तुलियनाने इ.स. 200 च्या आसपास हे दोन्ही धागे जोडून दाखवले होते: नाण्यावर कैसराची प्रतिमा, ते कैसराला द्या, माणसावर देवाची प्रतिमा, तो देवाला द्या. म्हणजे माझा काही नवा शोध नाही. पण अठराशे वर्षांपूर्वी सांगितलेलं मला पस्तिशीत कळलं, आणि तेही अंगठा दाखवून झोपल्यावर.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग घेतला की पहिल्याला मर्यादा पडते. कैसराला पैसे मिळतील. आयकर, जीएसटी, पालिकेची घरपट्टी, टोल, सगळं द्या, आणि खोटी भाडेपावती लावून एचआरए वाचवू नका (मार्च महिना जवळ आला की हे वचन आठवावं). पण माणूस त्याला मिळणार नाही. माणसावर कैसराचा शिक्काच नाही.

हे सगळं मला पाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. कारण त्या वेळी हा प्रश्न माझ्या घरापासून बाइकवर अर्ध्या तासाच्या आत येऊन बसला होता.

आपल्या पनवेल तालुक्यात, खारघरच्या पलीकडे, तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण तिकडूनच एमआयडीसीला जातात. 8 ऑक्टोबर 2020 रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, रांचीतून एका वृद्ध जेज्वीट धर्मगुरूंना अटक केली. फादर स्टॅन स्वामी. वय 83. दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईच्या न्यायालयापुढे उभं करून तळोज्याला पाठवलं. आरोप भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातला, कायदा यूएपीए. आपण भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

ते मूळचे तमिळनाडूचे. आयुष्य मात्र झारखंडच्या आदिवासींमध्ये गेलं. जमीन, जंगल, विस्थापन हे त्यांचे विषय. एक गोष्ट मला फार उशिरा समजली: नक्षलवादाच्या आरोपाखाली वर्षानुवर्षं तुरुंगात पडून असलेल्या, खटला न चाललेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि त्यांच्यासाठी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली होती. म्हणजे कच्च्या कैद्यांसाठी भांडणारा माणूस स्वतः कच्चा कैदी झाला.

त्यांना कंपवात होता, पार्किन्सन्स. हात एवढे थरथरायचे की पेला धरून पाणी पिता येत नसे. 6 नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयात अर्ज केला की माझा सिपर आणि स्ट्रॉ परत द्या. एनआयएने उत्तरासाठी 20 दिवस मागितले. 26 नोव्हेंबरला सांगितलं की त्या वस्तू आमच्याकडे नाहीतच. तो अर्ज फेटाळला गेला. दुसरा अर्ज झाला. पुढे तुरुंग प्रशासनाने सिपर दिल्याचं सांगितलं. मधल्या काळात देशभरातून लोक तळोज्याच्या पत्त्यावर सिपर आणि स्ट्रॉ पाठवू लागले होते.

मीही शॉपिंग अ‍ॅपवर एक सिपर कार्टमध्ये टाकला होता. 200 रुपयांच्या आतला. डिलिव्हरीच्या पत्त्यात तळोजा जेल लिहिलं. मग विचार केला की या ऑर्डरवर माझं नाव, नंबर, कार्ड, सगळं असणार. कंपनीतून क्लायंटकडे जायचं चाललं होतं, व्हिसाचे कागद दिलेले होते. अ‍ॅप बंद केलं. पुढे काही आठवडे ते मला आठवण करून देत राहिलं की तुमच्या कार्टमध्ये एक वस्तू शिल्लक आहे.

त्या रविवारी झूमवरच्या उपासनेत विनंतीच्या प्रार्थना घेतल्या. कोणाच्या आईची शस्त्रक्रिया, कोणाची नोकरी, कोविडच्या लशीसाठी शास्त्रज्ञांना बुद्धी. मी म्युटवर होतो. नाव घ्यावं असं वाटलं आणि घेतलं नाही. नंतर एका वडीलधाऱ्यांना फोनवर सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, ‘‘अरे बाळा, ते प्रकरण राजकीय आहे. आणि तसेही ते कॅथलिक.’’ मी ‘‘हो, बरोबर’’ म्हणालो. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं.

मार्च 2021 मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. 21 मे रोजी व्हिडिओ कॉन्फरन्सवर उच्च न्यायालयासमोर त्यांनी सांगितलं की तळोज्यात आलो तेव्हा शरीर चालत होतं, आता स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, चालता येत नाही. सरकारी रुग्णालयात जायला ते तयार नव्हते, आपल्या माणसांत रांचीला परत जायचं होतं. त्याच महिन्याच्या शेवटी न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. तिथे कोविड असल्याचं निघालं. 5 जुलै 2021 रोजी, जामिनाच्या अर्जावर उच्च न्यायालयात सुनावणी असतानाच, ते गेल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. वय 84. खटला उभाच राहिला नव्हता.

डिसेंबर 2022 मध्ये अजून एक गोष्ट बाहेर आली, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. त्यांच्या बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांच्या हार्ड डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीकडून तपासून घेतली होती. कंपनीचा निष्कर्ष असा की त्यांचा संगणक मालवेअर घालून दूरवरून कुणीतरी ताब्यात घेतला होता आणि त्यांना गोवणाऱ्या फायली बाहेरून आत टाकल्या होत्या. न्यायालयात साक्षी-उलटतपासणी होऊन त्याचा निवाडा झालेला नाही, म्हणून मीही निवाडा देत नाही. पण रोज सर्व्हरचे लॉग बघणारा माणूस म्हणून एवढं सांगतो: एखादी फाइल कोणाच्या मशीनवर सापडली, यावरून ती त्याने लिहिली किंवा निदान उघडून पाहिली, हे सिद्ध होत नाही. आपल्या ऑफिसात एवढ्या पुराव्यावर आपण एखाद्याचं अ‍ॅक्सेससुद्धा काढून घेत नाही.

समजा ते दोषी ठरले असते. तरी मत्तय 25 बदलत नाही. तिथे प्रभू म्हणत नाही की मी निर्दोष असून तुरुंगात होतो. तो फक्त म्हणतो की तो तुरुंगात होता आणि कोणी आलं, कोणी आलं नाही. आणि गंमत म्हणजे डाव्या बाजूच्या लोकांना शेवटपर्यंत कळत नाही की त्यांनी कोणाला पाहिलं नाही. त्यांनी काहीही वाईट केलेलं नाही. त्यांनी फक्त राजकारण नको म्हटलं असेल.

इथे कोणीतरी रोमकरांस पत्र 13 काढणार हे मला माहीत आहे, कारण मी स्वतः काढायचो. अधिकारी देवाने नेमलेले, त्यांच्या अधीन राहा. बरोबर. पण ते लिहिणारा पौल कोण? साधारण इ.स. 57 च्या सुमाराचं ते पत्र. त्याच्या काही वर्षं आधी हाच पौल फिलिप्पैच्या तुरुंगात होता. भूकंप, बेड्या तुटणं, तुरुंगाधिकाऱ्याचं तारण, ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पण संडे स्कूलमध्ये गोष्ट पहाटेलाच संपते. सकाळी काय झालं ते वाचा. अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की या दोघांना सोडून द्या. पौल हलला नाही. त्याचं म्हणणं असं की आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारले, तुरुंगात घातलं, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. आले, विनवण्या केल्या.

हे मला फार आवडतं. पौलाने दंगा केला नाही, शाप दिला नाही, पळूनही गेला नाही. त्याने कायद्यावर बोट ठेवलं. आणि मला वाटतं, हे त्याने एकट्यासाठी केलं नसावं. तो तर पुढच्या गावी निघालाच होता. मागे लुदिया राहणार होती, तुरुंगाधिकाऱ्याचं घराणं राहणार होतं, नुकतीच जन्मलेली मंडळी राहणार होती. त्यांच्या अंगावर उद्या हात टाकताना अधिकाऱ्यांनी दोनदा विचार करावा, एवढं त्याने त्या सकाळी करून ठेवलं. रोमकरांस पत्र 13 लिहिणाऱ्याच्या पाठीवर त्या फटक्यांचे वळ होते. त्याच अध्यायात तो अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो आणि कशासाठी तेही सांगतो: तुझ्या भल्यासाठी. नोकर म्हटलं की त्याचं कामही मोजता येतं.

‘कैसर ख्रिस्ती असता तर सोपं झालं असतं’ असं काहींना वाटतं. आपल्या महाराष्ट्रात हे करून झालंय, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

पंडिता रमाबाई आपल्याला मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर यासाठी माहीत असतात. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, त्याच वर्षीच्या मुंबई काँग्रेसमधल्या मोजक्या स्त्री प्रतिनिधींत त्या होत्या. सदन पुण्याला गेल्यावर तिथल्या विधवा मुली ख्रिस्ताकडे वळताहेत म्हणून ‘केसरी’ने त्यांच्यावर झोड उठवली. पुण्यातल्या बऱ्याच घरांच्या लेखी त्या साहेबांच्या बाजूला गेलेल्या बाई होत्या.

मग 1897 चा प्लेग आला. सक्तीची घरझडती, सोजीर घरात शिरणं, संशयितांना उचलून छावणीत नेणं. रमाबाईंनी मे महिन्यात मुंबईच्या ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिलं, की प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची काय दशा होते, तिथे त्या कशा असुरक्षित असतात. स्वतःच्या सदनातल्या मुलीचं उदाहरण दिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने आरोप फेटाळले. बाई मागे हटल्या नाहीत.

विचार करा. राज्य ‘ख्रिस्ती’ राणीचं होतं. स्वतःच्या समाजाने त्यांना टाकलेलं. साहेबाची मर्जी सांभाळली असती तर सोयीचं झालं असतं. पण समोर एक मुलगी होती, आणि तिच्यावर राणीचं चित्र नव्हतं. राणीचं चित्र रुपयावर होतं.

उलट दिशेची चूकही होते, तीही सांगायला हवी, नाहीतर हे मनन एका पक्षाच्या प्रचारासारखं वाचलं जाईल. 1933 नंतर जर्मनीत स्वतःला ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्यांनी चर्चमध्ये नाझी झेंडे आणले. त्यांच्याविरुद्ध मे 1934 मध्ये बार्मेन गावी काही मंडळ्यांनी घोषणापत्र काढलं, की मंडळीचा प्रभू ख्रिस्त आहे, दुसरा कोणी नाही. धाडसाचं काम होतं. पण त्या घोषणापत्रात यहुद्यांबद्दल एक शब्द नाही. ते लिहिण्यात ज्याचा मोठा वाटा होता त्या कार्ल बार्टने पुढे म्हातारपणी ही स्वतःची चूक म्हणून मान्य केली. मंडळीवर हात पडला तेव्हा मंडळी बोलली, शेजाऱ्यावर पडला तेव्हा नाही.

मला भीती याचीच आहे. आपण आता हळूहळू बोलायला लागू, कारण बातम्या आपल्याबद्दलच्या आहेत. प्रार्थनासभा, धर्मांतराचे कायदे, दफनभूमीची जागा. बोलायला हवंच. दलित ख्रिस्ती माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीत धरलं जात नाही, शीख आणि बौद्धांना पुढे 1956 आणि 1990 मध्ये त्यात घेतलं. माझ्या आजोबांच्या अहमदनगरकडच्या गावातल्या घरोघरी हा प्रश्न आहे आणि तो मांडायला लाजायचं कारण नाही. पण फक्त ‘आपल्या माणसांचं’ राजकारण करायला वचन कशाला लागतं? ते तर सगळेच करतात. प्रत्येक जातीची मतपेढी असते, आपली छोटीशी असेल इतकंच.

आपल्याच वाडवडिलांनी हे वेगळं करून दाखवलंय. संविधान सभेत धर्मावर आधारित राखीव जागा हव्यात का, हा प्रश्न होता. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ, संविधान सभेचे उपाध्यक्षही. 1949 मध्ये त्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते उभे राहिले. हा निर्णय शहाणपणाचा होता की भाबडेपणाचा, यावर आमच्या घरी अजून वाद होतो. वडील म्हणतात भाबडेपणाचा. पण ‘आपल्या’पुरतं पाहायचं नाही, एवढं त्यात दिसतं.

आणि इथे जवळ, खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. हरित वसई संरक्षण समितीचं त्यांचं आंदोलन विहिरींच्या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी होतं. पाणी काही फक्त ख्रिस्ती विहिरीतलं आटत नव्हतं. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून विरोध झाला, तरी ते व्हीलचेअरवर बसून गेले. जुलै 2024 मध्ये ते प्रभूकडे गेले.

आता आपलं. तळोज्यात आजही माणसं आहेत, बहुतेकांची नावं कधी पेपरात येणार नाहीत. देशभरच्या तुरुंगांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे, म्हणजे दर चारांतले तीन. हे सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. यातले कित्येक जण जामीन मिळूनही आत असतात, कारण जामीनदार नाही किंवा काही हजारांचा जातमुचलका भरायला पैसे नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि आणखी काही अपवाद सोडले, तर पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं आहे. कायदा आहे. अर्ज कोणीतरी करावा लागतो.

आपल्या ग्रुपमध्ये दोन वकील आहेत, एक बहीण समाजकार्याचं शिकलेली आहे, आणि आम्ही सहा-सात जण असे आहोत ज्यांना एक्सेल सोडून काही येत नाही पण पगार बरा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, त्यांना कागद लावायला, तारखा सांभाळायला, घरच्यांना शोधायला माणसं लागतात. मंगळवारी मी ग्रुपवर हे लिहिलं. आधी माझ्या त्या अंगठ्याबद्दल माफी मागितली, मग कार्टमधल्या सिपरची गोष्ट सांगितली, मग विचारलं की आपण यात काही करू शकतो का. चौघांनी हो म्हटलं. वकिलांपैकी एकीने लगेच सांगितलं की उत्साहाने थेट तुरुंगाच्या दारात जाऊ नका, आधी प्राधिकरणाशी बोलू, आणि तिथे सुवार्तेची पत्रकं वाटायची नाहीत. तिचं ऐकायचं ठरलंय. कैद्याच्या गरजेला आपली संधी करायची नाही.

एक जण ग्रुप सोडून गेला. ‘कैसराचं कैसराला’ लिहिणारा तोच. चांगला मुलगा आहे, लॉकडाऊनमध्ये कामोठ्यात घरोघर रेशन पोचवणारा. त्याच्या वडिलांची सरकारी नोकरी आहे आणि गेल्या वर्षी त्यांच्या घरच्या प्रार्थनेवरून सोसायटीत कटकट झाली होती. त्याला भीती वाटते, आणि त्या भीतीला कारण आहे. माझ्या व्हिसापेक्षा मोठं कारण. आज संध्याकाळी त्याला फोन करणार आहे. त्याला पटवायला नाही, फक्त बोलायला.

प्रार्थना

प्रभू येशू, तू स्वतः रात्री अटक झालेला, रातोरात चौकशी झालेला, कैसराच्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिलेला. तळोज्याच्या भिंतीआड आज ज्याला ताप आहे, ज्याची तारीख पुढे गेली, ज्याच्या घरून तीन महिने कोणी आलं नाही, त्याच्याजवळ राहा. तिथल्या शिपायांना आणि डॉक्टरांना दयाळू कर. न्यायाधीशांना वेळ आणि धैर्य दे. आमच्या राज्यकर्त्यांसाठी आम्ही मागतो, तीमथ्याला सांगितलं होतं तसं, नावं घेऊन. 2020 च्या त्या रविवारी मी म्युटवर राहिलो, त्याची क्षमा कर. स्टॅन स्वामींबद्दल तुझे आभार मानतो. आज ज्याला फोन करायचा आहे त्याच्याशी बोलताना माझी जीभ आवर. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग: मार्क 12:18-27. सदूकी येतात, सात भावांचा प्रश्न घेऊन. उद्याचं मनन छोटं असेल, उभ्याने वाचता येईल.